एकविसाव्या जोडीतलं तिसरं

फेब्रुवारीची सात तारीख, शनिवार. बैठक आमच्याच घरी, शेवगावला. लग्नाचा खर्च चार लाख धरला होता, दोन्हीकडून निम्मा निम्मा. हजर: मी, माझे मेव्हणे, नवरा मुलगा आणि त्याचे वडील. बायको आणि मुलगी आतल्या दाराशी. देण्याघेण्याची याद लिहायला मेव्हण्यांनी पेन काढलं, तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी त्यांचा हात धरला.

“लिवायच्या आधी एक इचारतो. राग धरू नका, पाव्हणं.”

काय विचारणार ते मला कळलं होतं. पाण्याचे पेले घेऊन माझा मुलगा नुकताच येऊन गेला होता. तो एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याला डाउन सिंड्रोम आहे. बोलणं थोडं अडखळतं, उंची बेताची, सगळं जरा उशिरा समजतं. मुलगी बघायला ही मंडळी पहिल्यांदा आली तेव्हाच मी त्याला समोर आणलं होतं. असं पोर शेजारच्या घरात बसवून मुलगी उजवणारे लोक मला ठाऊक आहेत. नंतर ते उघडं पडतं आणि मुलीला ऐकून घ्यावं लागतं.

“पोरगं गुणी हाय,” ते म्हणाले. “पण उद्या तुमच्या पोरीच्या पोटी बी असंच आलं तर? तिच्यात ते असंल का?”

मेव्हणे तडकले. “बैल घ्यायला आलाय का, दात बघून?”

“बैल न्हाई पटला तर पुढच्या बाजारी इकता येतो. सुनंचं तसं न्हाई.”

मला त्यांचा राग आला नाही. प्रश्न रास्त होता. माझा मुलगा जन्मला तेव्हा डॉक्टरांनी चेहऱ्यावरून आणि तळहातावरून ओळखून आजाराचं नाव सांगितलं. हृदय तपासलं, ते चांगलं निघालं. पुढे त्याला चालायला, बोलायला शिकवण्यात वर्षं गेली. रक्त तपासायचं राहूनच गेलं. मी म्हणालो, “महिनाभर द्या. विचारून सांगतो.” पेन मेव्हण्यांच्या खिशात परत गेलं.

याआधीची तीन स्थळं मुलीने स्वतःच नाकारली होती. हे तिला हवं होतं. रात्री जेवताना ती म्हणाली, “तपासायचं तर मला तपासा. भाऊला कशाला त्रास?”

नगरच्या एका दवाखान्यात महिन्यातून एकदा आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरीणबाई येतात. आम्ही चौघेही गेलो. मी मुलीला पुढच्या खुर्चीत बसवलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हिचं रक्त आत्ता नको. आधी ह्याचं.”

मग कागदावर रेघा काढून त्यांनी समजावलं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं शेहेचाळीस, म्हणजे तेवीस जोड्या. ह्याच्या एकविसाव्या जोडीत दोनाऐवजी तीन असणार. ते तिसरं सुटं असेल तर तो पेशींच्या विभागणीतला अपघात. बहिणीचा त्याच्याशी संबंध नाही. पण कधी कधी ते दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. तसं असेल तर ते आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असू शकतं, आणि बहिणीतही गुपचूप असू शकतं. तिला स्वतःला काही होत नाही, पण तिच्या मुलांना होऊ शकतं. सुटं की चिकटलेलं, हे चेहरा बघून कुणालाच सांगता येत नाही.

रक्त द्यायला माझ्या मुलाने दोन्ही हात पुढे केले. सुई टोचणाऱ्या मुलीला म्हणाला, “घाबरू नको.” ती म्हणाली, “बरं झालं सांगितलंस.”

अहवालाला तीन आठवडे लागणार होते. पेशी वाढवून मग मोजतात. त्या दिवसांत घरात लग्नाचा विषय कुणी काढला नाही. नवऱ्या मुलाचा फोन मात्र येत होता. मुलगी गच्चीवर जाऊन बोलायची आणि खाली येऊन आम्हाला काही सांगायची नाही.

अहवाल घ्यायला मी आणि बायको गेलो. बाईंनी ओळीवर बोट ठेवलं. गुणसूत्रं सत्तेचाळीस, एकविसावं एक जास्त, आणि सुटं. मुलीला तपासायची गरज नाही. “धोका शून्य कुणालाच नसतो,” त्या म्हणाल्या. “दिवस गेले की सगळ्या बायका करतात त्या तपासण्या तिनेही करायच्या. बस.”

मी उठलो, पण बायको उठेना. तिने विचारलं, “त्याच्या वेळी तिसऱ्या महिन्यात मला ताप होता. गोळ्या घेतल्या होत्या. त्यानं झालं का हे?”

“नाही हो ताई. हे बहुतेक वेळा गर्भ राहायच्या आधीच झालेलं असतं. गोळ्यांचा काही संबंध नाही.”

एकोणीस वर्षांत त्या गोळ्यांबद्दल ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. स्टँडवर तिने उसाचा रस मागितला, पिऊन झाल्यावर आणखी एक पेला मागितला, आणि गाडीत पाथर्डी फाट्यापासून घरापर्यंत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.

दुसऱ्याच दिवशी मी अहवाल घेऊन नवऱ्या मुलाच्या घरी गेलो. इंग्रजी कागद त्याने वाचला, त्याच्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं.

“म्हंजे पोरीत न्हाई?”

“नाही.”

“मंग याद लिवा की. थांबलाय कशाला?”

मेच्या दुसऱ्या आठवड्यात लग्न लागलं. कानपिळीची वेळ आली तेव्हा अडचण आमच्याच माणसांनी काढली. मेव्हणे माझ्या कानात म्हणाले, “चुलतभावाला उभं करू. ह्याला कळायचं न्हाई, लोक हसतील.” मी काही बोलायच्या आत नवरा मुलगा मान वळवून म्हणाला, “माझा मेव्हणा कुठंय? दुसऱ्या कुणाला मी कान देणार नाही.”

माझा मुलगा पुढे गेला आणि त्याने कान जो धरला तो सोडेचना. “ताईला रडवायचं न्हाई,” तो म्हणाला.

“न्हाई रडवत, दाजीचा कान तर ठेव,” जावई म्हणाले.

लोक हसले, पण मेव्हणेही त्यांत होते. कान लालभडक झाल्यावर सुटला. लग्नातली शेवटची रक्कम तेव्हा दिली गेली: कानपिळीचे पाचशे एक रुपये आणि एक मनगटी घड्याळ, जावयांकडून माझ्या मुलाला, हातात.