हॉलचा आवाज

आमच्या बाई निवडणूक हरल्या. सपाटून हरल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच जीव टांगणीला लावून बसणार नाही. त्यांच्यावर मी केलेला माहितीपट बऱ्याच जणांनी पाहिला, काहींनी मला शिव्याही घातल्या, त्याचंही मला फार काही वाटत नाही. मला सांगायचंय ते त्या माहितीपटाचा आवाज घेणाऱ्या माणसाबद्दल. पडद्यावर तो एकदाच दिसतो, तोही अर्धा आणि पाठमोरा.

आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. साठी ओलांडलेला, उंच, काटकुळा माणूस. लांबून पाहिलं तर माईकची काठी कुठली आणि दादा कुठले ते कळत नाही, असं आमचा कॅमेरामन म्हणायचा. बोलणं जेवढ्यास तेवढं. मी बडबडी आणि राग नाकावर असलेली, त्यामुळे आमचं छान जमायचं. मी सेटवर कुणावर तरी खेकसले की दादा शांतपणे म्हणायचे, "पोरी, पुन्हा ओरड. या वेळी जरा इकडे तोंड करून." मग मला हसू यायचं आणि राग पार वाया जायचा.

त्यांच्या कामाच्या तऱ्हा अफलातून होत्या. कुणाच्या घरी मुलाखत घ्यायला गेलो की सगळ्यात आधी ते फ्रिज बंद करायचे, कारण त्याची घरघर माईकला ऐकू येते. काम संपल्यावर तो चालू करायचा राहून जाऊ नये म्हणून स्वतःच्या घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवायचे. किल्लीशिवाय घरी जाता येणार नाही, म्हणजे फ्रिज विसरला जाणार नाही. घरमालकीण मात्र दार उघडून दुधाशेजारी किल्ल्यांचा जुडगा पाहायची आणि या माणसाला एकट्याला सोडावं की नाही अशा नजरेने माझ्याकडे बघायची.

दुसरी तऱ्हा म्हणजे रिकामं मिनिट. मुलाखत संपली, चहाचे कप आले, सगळे सैलावले, की दादा हात वर करायचे. "कुणी हलू नका. एक मिनिट शांत राहा." मग आम्ही जिथे असू तिथे उभे. दादा कानांना हेडफोन लावून, डोळे मिटून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायचे. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि संकलन करताना दोन वाक्यांमधल्या फटी त्याच खोलीच्या शांततेने बुजवाव्या लागतात. दुसरीकडची चालत नाही, लगेच ठिगळ दिसतं. ते मिनिट मला कायम फार मोठं वाटायचं. नेमकं तेव्हाच नाक खाजायचं.

आता बाई. त्या शाळेत भूमिती शिकवायच्या. अर्ध्या गावाने त्यांच्या हातची पट्टी खाल्लेली, मीही. निवृत्त झाल्यावर गुडघे सांभाळत घरी बसायचं, तर या दर शुक्रवारी पोस्टासमोर 'युद्ध थांबवा' असा फलक घेऊन उभ्या राहू लागल्या. आधी एकट्या, मग त्यांच्याबरोबर दहा-बारा जण. युद्ध लांबत चाललं, पोरं सीमेवर जात राहिली, आणि एक दिवस बाईंनी जाहीर केलं की त्या अपक्ष म्हणून निवडणूक लढवणार. प्रचाराची सूत्रं त्यांच्या भाच्याने हातात घेतली. हा भाचा आधी घरोघरी पंखे विकायचा. त्याच्या मते मावशी आणि पंखा यांत फार फरक नव्हता, दोन्ही लोकांच्या गळ्यात मारायचे.

मी माहितीपट करायचं ठरवलं आणि दादांना विचारलं. विचारताना माझी जीभ अडखळली, कारण दादांचा एकुलता एक मुलगा सैन्यात होता आणि त्या वेळी सीमेवरच होता. दादांनी हातातली वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "येतो. तो तिकडे आहे म्हणूनच येतो."

घरी मात्र भडका उडाला. घरात दादा आणि त्यांची सून, दोघंच. सून दवाखान्यात नर्स होती, स्वभावाने माझ्यासारखीच, म्हणजे तिखट. ती दादांना म्हणाली, "तो तिकडे जीव मुठीत धरून उभा आहे. आणि त्याचा बाप त्याच्याविरुद्धच्या सिनेमात काम करणार?" दादा म्हणाले, "विरुद्ध नाही गं." ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकून घेतलं, त्याला स्वतःची बाजू मांडता येईना. त्या दिवसापासून सुनेने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

बाकी सगळं ती करायची. डबा द्यायची, शर्टाचं तुटलेलं बटण लावायची, गोळ्या काढून ठेवायची. बोलायची तेवढी नाही. "सकाळचा कप ती टेबलावर ठेवते ना," दादा मला एकदा गाडीत म्हणाले, "त्या आवाजावरून कळतं आज कितपत राग आहे. काल जरा हळू ठेवला. आज पुन्हा आपटला." हे सांगताना ते हसले, पण मला रडू आलं. बाई जिंकतात की पडतात याच्याशी दादांना फारसं देणंघेणं नव्हतं. सून पुन्हा 'बाबा' म्हणून हाक मारेल का, एवढ्यात त्यांचा जीव अडकला होता.

मतदानाच्या थोडं आधी बाईंची मोठी सभा झाली, नगर वाचनालयाच्या हॉलमध्ये. पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या, कुरकुरणारे पंखे, मागच्या भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. समोर बाईंची माणसं बसलेली. मागे सैनिकांच्या घरची मंडळी आली होती, बाईंना जाब विचारायला. त्यांच्यात दादांची सून होती. दादांनी तिला पाहिलं, माईकची काठी स्टँडला लावली आणि खाली मान घालून रेकॉर्डरची बटणं नीट करत बसले.

सभेचा बोजवारा उडाला. बाई बोलायला उभ्या राहिल्या की मागून आरडाओरडा. पुढचे मागच्यांना गप्प करू पाहायचे, त्यात आणखी गोंगाट. बाईंनी टेबलावर पट्टीसारखा हात आपटून पाहिला, पण त्यांचे विद्यार्थी आता मोठे झाले होते. शेवटी भाच्याने सभा संपल्याचं जाहीर केलं आणि लोक खुर्च्या सरकवत उठू लागले.

आता बघा, भरलेल्या हॉलची शांतता वेगळी आणि रिकाम्या हॉलची वेगळी. लोक निघून गेले की दादांना हवी ती मिळणार नव्हती. म्हणून हा अबोल माणूस चक्क खुर्चीवर चढला आणि हात वर करून मोठ्याने म्हणाला, "सगळ्यांनी आहात तिथे उभे राहा. एक मिनिट शांतता." आणि त्यांनी डोळे मिटले.

आम्हाला ते सवयीचं होतं. हॉलला नव्हतं. युद्धाच्या दिवसांत एक पांढऱ्या केसांचा माणूस खुर्चीवर चढून डोळे मिटतो आणि एक मिनिट शांतता मागतो, म्हणजे दुसरं काय असणार? पुढच्यांनी माना खाली घातल्या. मागच्यांनीही घातल्या. आत्ताच एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी माणसं शेजारी शेजारी ताठ उभी राहिली. कुणीतरी टोपी काढली. बाईंनी हात जोडले. मला खरा प्रकार कळत होता, हसू आवरत नव्हतं, आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला होता. सभेभर कुणाला जमलं नाही ते दादांनी फटी बुजवायची शांतता गोळा करायच्या नादात करून टाकलं होतं.

आणि मग ती किंकाळी. "बाबा! काय कळलंय तुम्हाला?"

सून खुर्च्यांमधून धडपडत पुढे येत होती. तिच्या नवऱ्याचा बरेच दिवस फोन नव्हता. घरात कधी तोंड न उघडणारा सासरा चारचौघांत खुर्चीवर चढून शांतता मागतोय, याचा तिच्या लेखी एकच अर्थ होता. "बाबा, सांगा ना! तो आहे ना? सांगा!"

दादांच्या कानात ते हेडफोनमधून शिरलं. हेडफोन फेकून त्यांनी उडीच मारली. खुर्ची कलंडली. "काही नाही बाळ, काही नाही कळलेलं. तो बरा आहे. मी नुसता हॉलचा आवाज घेत होतो."

"हॉलचा?" ती ओरडली. "हॉलचा आवाज?" आणि तिने दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारायला सुरुवात केली. मारता मारता रडत होती. दादा तिला धरून उभे. मग ती बाईंकडे वळली. "आणि तुम्ही! युद्ध थांबवा, युद्ध थांबवा! पोस्टासमोर उभं राहून थांबतं का ते? आम्ही घरात एकेक फोन मोजत बसतो, तेव्हा कुठे असता तुम्ही?" बाई तिच्यासमोर मान खाली घालून उभ्या राहिल्या. मला त्या दिवशी बाई सगळ्यात जास्त आवडल्या.

हे सगळं कॅमेऱ्यात आलं. आवाजही आला, स्वच्छ.

दोन दिवसांनी तिच्या नवऱ्याचा फोन आला, तो धडधाकट होता. सून सासऱ्याशी थोडं थोडं बोलू लागली. "डबा घेतलात का", "पाऊस येईल, छत्री न्या", असलं. दादा ते मला अशा थाटात सांगायचे की जणू राष्ट्रपतींचं भाषण रेकॉर्ड करून आलेत.

आमची संकलनाची खोली चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर होती. तिथे भाच्याने ती चित्रफीत पाहिली आणि त्याचे डोळे लकाकले. "एवढंच द्या. सगळे उभे आहेत आणि ती किंचाळते. बस्स. पुढचं हॉल-बिल काढून टाका. खाली पाटी टाका, 'सैनिकाची पत्नी'. आज गावभर फिरवतो. मावशी निवडून आलीच समजा."

खोटं कशाला बोलू, माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. अर्ध्या मिनिटात सगळं युद्ध होतं त्यात. पण बाई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आकृती चुकीची काढून उत्तर बरोबर आलं, तर मी कधी गुण दिलेत का रे तुला?"

"मावशी, ही शाळा नाही. निवडणूक आहे."

मी दादांकडे पाहिलं. आवाज त्यांच्याकडे होता. ते म्हणाले, "तिचा आवाज आहे. तिला विचारा."

"ती नाही म्हणेल," भाचा म्हणाला.

"मग नाही."

हे बोलताना त्यांचा चेहरा उतरला होता. ते मी पाहिलं म्हणून सांगते. विचारायचं म्हणजे तिला तो प्रसंग पुन्हा ऐकवायचा. आत्ता कुठे ती बोलायला लागली होती. ही माणसं माझं रडणं विकायला निघालीत, आणि पुन्हा बाबाच त्यात आहेत, असं तिच्या मनात आलं असतं तर सगळं मुसळ केरात. तरी संध्याकाळी तेच तिला घेऊन आले.

तिने हेडफोन लावले. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. आधी कपाळाला आठ्या, मग डोळे भरले. संपलं तेव्हा म्हणाली, "पुन्हा लावा. माझं नको, त्याच्या पुढचं." आम्ही पुन्हा लावलं. खुर्ची पडल्याचा धाडकन आवाज, दादांचं 'काही नाही बाळ', मुठींचे दणके. तिने ते तीनदा ऐकलं. दादा दारात उभे राहून आपल्याच चपलांचे पट्टे बघत होते.

"ठेवा," ती हेडफोन काढत म्हणाली. "पण सगळं ठेवा. ते शांतता कशासाठी मागत होते तेही, आणि मी बाईंना बोलले तेही. त्यातला एक शब्द मी मागे घेतलेला नाही."

"ते सगळं ठेवलं तर प्रचाराला काय उपयोग?" भाचा रडकुंडीला आला.

"तुझ्या प्रचाराला नाहीच," मी म्हणाले. "माझ्या सिनेमाला आहे." बाईंनीही होकाराची मान हलवली. भाचा जिना उतरून गेला तो त्या खोलीत परत फिरकला नाही.

राहता राहिली पाटी. लोकांना नंतर कुणी त्रास देऊ नये म्हणून आम्ही सिनेमात कुणाचं नाव घालत नव्हतो, नुसती ओळख लिहायचो. मी कळफलकावर बोटं ठेवून तिला विचारलं, "मग 'सैनिकाची पत्नी' लिहू ना?"

तिने माझा हात कळफलकावरून बाजूला केला. "नको," म्हणाली. "त्या मिनिटाला मला वाटलं माझा नवरा गेला. आणि मी धावले कुणाकडे? यांच्याकडेच ना? 'ध्वनिमुद्रकाची सून' लिहा."

दादा दारातून आत आले आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले. मी ते दोन शब्द लिहिले आणि बरोबर आहेत का ते पाहायला पडदा दोघांकडे वळवला.