गच्चीवरचा माठ गेला!

मंडळी, आज माझ्यावर असा घोर अन्याय झालाय, की त्याची दाद कुठल्याही कोर्टात लागणार नाही.

जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर मी कौतुकानं कुंड्यांत माठ पेरला होता. बार्शीला जाताना शेजारच्या शांतामावशींना पाणी घालायला सांगितलं. आज परतलो, तर कुंड्यांत नुसती माती!

"भाऊ, लई तण माजलं हुतं. समदं उपटलं."

"मावशी, तो मी पेरलेला माठ होता!"

"माठ कुणी पेरतंय व्हय? आमच्याकडं उकिरड्यावर उगवतो की! कवळा हुता, टाकवंना. ही घ्या वाटीभर भाजी."

लसणाची फोडणी, फक्कड भाजी. आता ज्या तोंडानं दोन भाकऱ्या हाणल्या, त्याच तोंडानं भांडायचं कसं, तुम्हीच सांगा!

शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करू नये. घासली, शेंगाचटणी भरली आणि गुपचूप त्यांच्या दारात ठेवून आलो.