कुणाचा अंधार जास्त

बाळांनो,

परवा फोनवर धाकट्याने विचारलं, "आजी, लढाई कुणालाच नको असते ना, मग ती होते कशी?" तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि उत्तर राहून गेलं. ते आताच लिहून पाठवते आहे, कारण तुमची दुसरी आजी तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते. हा प्रश्न तुम्ही तिला विचाराल, तीही उत्तर देईल, आणि मग माझं उत्तर कोण वाचणार?

मंत्र्यांच्या बैठकीत मी कधी बसलेले नाही. बदलापूरला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये झालेल्या एका बैठकीत मात्र बसले होते. तेवढ्यावरून सांगते.

त्या दिवसांत सीमेवरच्या बातम्या रोज वाढत होत्या. आज इकडून इशारा, उद्या तिकडून त्याला उत्तर. दोन्हीकडची माणसं म्हणत, आम्हाला लढाई नको, हे फक्त खबरदारी म्हणून. टीव्हीवर जुन्या लढाया पाहिलेले निवृत्त लोक ओळीने बसायचे. एकाने एक पाऊल पुढचं सुचवलं की शेजारचा दोन सुचवायचा. आमच्या कमिटीने ठरवलं, आपणही एका संध्याकाळी दिवे घालवून सराव करून बघू.

आता माझ्या दारासमोरच्या ब्लॉकमधल्या बाईंबद्दल सांगायला हवं. त्या माझ्याच वयाच्या. संसार उल्हासनगरला, कापडाच्या दुकानाच्या माडीवर झाला. आता मुलाकडे राहतात, दोन नातवंडं हाताशी. संध्याकाळी त्यांच्या दारात बिल्डिंगची सगळी पोरं जमतात. त्या सिंधी पापड भाजतात आणि काहीबाही सांगतात, आणि पोरं "आजी, फिर क्या हुआ?" करत चिकटून बसतात. मी चांगली बिस्किटं आणून ठेवते. पोरं बिस्किटं घेतात, थँक्यू म्हणतात आणि त्यांच्या दारात जाऊन खातात. त्या नुसत्या 'आजी'. मी येता-जाता त्यांचं इंग्लिश सुधारते, म्हणून मी 'इंग्लिशवाल्या आजी'. माझ्या दारातून त्यांच्या घरातलं हसणं ऐकू येतं, तेव्हा मी रेडिओ लावते.

बैठकीत चेअरमन म्हणाले, "आपल्यात जुना ब्लॅकआउट पाहिलेलं कुणी आहे का?"

मी हात वर केला. माझं अर्धं आयुष्य अंबरनाथला गेलं. तुमचे आजोबा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, तेव्हा लढाई म्हणजे काय हे या बिल्डिंगमध्ये मला विचारायचं नाही तर कुणाला? पण मी हात खाली घेईपर्यंत समोरच्या बाई बोलूही लागल्या होत्या. "आमच्या उल्हासनगरात प्रत्येक काचेला खाकी कागद लावला होता. बिडी पेटवली तरी लोक ओरडायचे."

पोरं पुढे सरकून बसली.

"खाकी नाही, काळा," मी म्हणाले. "खाकीतून उजेड दिसतो. आम्ही काळे कागद लावायचो."

"लिहून घ्या, काळा कागद," चेअरमन सेक्रेटरींना म्हणाले. "जिन्याच्या खिडक्यांनाही."

"आम्ही तर घरातली चूलसुद्धा विझवायचो," समोरून आलं.

"आमच्याकडे पाण्याचा पंप बंद ठेवायचे. आवाज नको म्हणून."

"मग लिफ्टही बंद ठेवू या," चेअरमन म्हणाले. "आणि जिन्यातले दिवे. खबरदारी म्हणून."

बाईंचे गुडघे दुखतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. चौथ्या मजल्यावरून त्या लिफ्टशिवाय उतरत नाहीत. मला वाटलं, आता तरी थांबतील. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. "लिफ्ट हवीये कुणाला? आम्ही अंधारात जिने चढलेली माणसं आहोत."

"वा, आजी!" पोरांनी टाळ्या वाजवल्या.

यादीतला एकही नियम कुणाला मनापासून हवा नव्हता. चेअरमनना वाटलं आम्हाला हवा आहे, मला वाटलं बाईंना हवा आहे, आणि बाईंना वाटलं आता नाही म्हटलं तर ही इंग्लिशवाली जिंकली.

एक गोष्ट मात्र मी बोलले नाही. अंबरनाथला आमच्या गल्लीने त्या जुन्या ब्लॅकआउटच्या दिवसांत घरांमागे खंदक खणला होता. मी नवी नवरी होते, पदर खोचून घमेली उचलत होते. शेजारच्या गल्लीचा खंदक कमरेइतका, म्हणून आमचा छातीइतका. मग त्यांनीही आणखी खणला. बॉम्ब एकही पडला नाही. एका संध्याकाळी अंधारात आमचे शेजारी त्या खंदकात पडले आणि त्यांचा पाय मोडला. रिटायर होईपर्यंत ते लंगडत कामावर गेले. तुमचे आजोबा म्हणायचे, "शत्रूला आपल्या गल्लीचा पत्तासुद्धा माहीत नव्हता. पाय मोडला तो आपण खणलेल्या खड्ड्यात."

पार्किंगमध्ये ही गोष्ट माझ्या अगदी ओठांवर होती. पण समोर पोरं बसली होती. बाईंच्या विझलेल्या चुलींपुढे मी खड्ड्यात पडलेला शेजारी कसा सांगायचा? मी फक्त म्हणाले, "आमचा खंदक छातीइतका होता."

सरावाच्या दिवशी बाई लिफ्ट बंद व्हायच्या आधीच खाली गेल्या. सगळी बिल्डिंग काळी झाली का ते बघायला, असं त्यांचं म्हणणं. माझी खिडकी बघायलाच गेल्या होत्या. मीसुद्धा पडद्याच्या फटीतून मान बाहेर काढून त्यांचीच खिडकी बघत होते.

खालून आवाज आला, "चौथा मजला, डावीकडे! उजेड दिसतोय हो वहिनी!"

"देवाचा दिवा आहे!" मी वरून ओरडले.

"देवाचा असला म्हणून काय झालं? दिसतोच ना!"

पोरं खिदळली. मी जाऊन समई विझवली. लग्न झाल्यापासून दिवेलागणीची समई मी पहिल्यांदा फुंकली, आणि तीही कुणाच्या भीतीने नव्हे.

त्यानंतर बाई जिना चढायला लागल्या. मिनिटभर थांबल्या असत्या तर दिवे आले असते, पण सगळ्यांदेखत बोलून गेल्या होत्या. काळ्या कागदांमुळे जिन्यात रस्त्यावरचाही उजेड येत नव्हता. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर त्यांचा पाय चुकला. पडल्याचा आवाज माझ्या दारापर्यंत आला, आणि मला ओळखीचा वाटला.

मनगट मोडलं. प्लास्टर आलं. मी मऊ भात आणि मेतकूट घेऊन गेले, तर पोरं स्केचपेनने प्लास्टरवर विमानं काढत होती. "या वहिनी," बाई म्हणाल्या. "पण तुमच्याकडे उजेड होताच हं." त्या मोडक्या हाताचाही मला हेवा वाटला. खोटं कशाला सांगू?

तिथेच बसून मी पोरांना खंदकाची गोष्ट सांगितली, लंगडण्यासकट. एक जण म्हणाला, "बस? बॉम्ब गिरा ही नहीं?" आणि सगळी पुन्हा बाईंकडे वळली. बाई मात्र माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "हे त्या दिवशी का नाही हो सांगितलंत?" मी भाताचा घास कालवत राहिले.

धाकट्या, तुझं उत्तर हेच आहे. जुन्या लढाईतली चूक कुणी विसरलेलं नसतं. बैठकीत खंदकाची खोली सांगितली जाते, मोडलेला पाय सांगितला जात नाही, कारण तो सांगणारा समोरच्यापेक्षा कमी दिसतो. मग प्रत्येक जण खबरदारी म्हणून एक पाऊल टाकतो आणि दुसऱ्याच्या खिडकीकडे बघत राहतो. सरकारं याहून शहाणी असतील असं मला लहानपणी वाटायचं. आता तसं वाटत नाही. त्यांचे खड्डे मोठे असतात आणि त्यांत पडणारी माणसं बैठकीला नसतात, एवढाच फरक. हे तुमच्या दुसऱ्या आजीनेही सांगितलं, तर आधी मी सांगितलं होतं एवढं लक्षात ठेवा.

सीमेवर आता शांत आहे म्हणतात. लिफ्ट चालू झाली, बाईंचं प्लास्टर निघालं, आमच्याकडे समई रोज लागते. जिन्याच्या खिडक्यांवरचा काळा कागद मात्र कुणी काढलेला नाही. काढू या, असं आधी कोण म्हणणार यावर सगळं अडलं आहे. भर दुपारी दिवा लावून आम्ही जिना उतरतो.