बायाक्कांची छाट

बायाक्कांच्या मण्यांवर ‘साच्यातले, नाकारावे’ असा शेरा मारणारी बाई मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

बेळगावात आमच्या मंडळाचं दरवर्षी हस्तकलेचं प्रदर्शन भरतं. मी कॉलेजात मराठी शिकवते. माती, सूत, वेत यातलं मला काडीचं कळत नाही, तरी निवड समितीवर माझं नाव असतंच, कारण मी चौकस आहे. घरचे त्याला भोचकपणा म्हणतात. प्रदर्शनाचा नियम एकच, वस्तू हातानं घडवलेली हवी. मागच्या दोन वर्षांत तिघांनी बाजारातला माल रंगवून आमच्या गळ्यात मारला होता, त्यामुळे यंदा मी डोळ्यांत तेल घालून बसले होते.

अशात निपाणीकडून एक पुठ्ठ्याचा खोका आला. आत भाजक्या मातीच्या मण्यांच्या चार माळा होत्या, दोन काळ्या आणि दोन लाल. शिवाय सुपारीएवढ्या बोळक्यांचे कानातले डूल. बोळक्याला काठ होता, गळा होता, पोट होतं, सगळं जिथल्या तिथे. अर्जावर नाव बायाक्का कुंभार, वय बासष्ट. मी एक माळ बोटांनी चाचपत गेले आणि माझं मन शंकेनं भरलं. एकही मणी वाकडा नाही. पट्टी लावून बघितली. मग माळ घरी नेली, सोडवली, दहा-दहाचे ढीग करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर जोखले. सगळे ढीग सारखे भरले.

समितीतली तेजस्वी डिझाइन शिकून आलेली. ती म्हणाली, “मॅडम, हाताच्या कामात थोडं वाकडंतिकडं असतंच. तीच हाताची खूण.” हे वाक्य मला फार पटलं. मी शेरा लिहिला आणि खाली जोरात सही केली.

तिसऱ्या दिवशी फोन आला. रक्षा बोलत होती, बायाक्कांची सून. “सासूबाई विचारायला लागल्यात, मण्यात खोट काय निघाली?”

आता काय सांगू? खोट निघाली नाही हीच खोट. मी साच्याचं बोलले. तेवढ्यात पलीकडे एका घोगऱ्या आवाजानं फोनचा ताबा घेतला. “बाई, साचा म्हणून लिवलासा व्हय? मग येऊन हुडका. सापडला तर मी परत बेळगावला तोंड दावत न्हाय. न्हाय सापडला तर लिवलेलं तुमी खोडायचं.”

अंतिम यादी सोमवारी लागणार होती. त्यांची जागा गेली असती ते एक, पण कुंभाराच्या घरात साचा वापरतात हे एव्हाना गल्लीभर झालं होतं, ते जास्त वाईट होतं. मी बुधवारी निपाणीची बस धरली.

गाव चिकोडी रस्त्यावर आहे. घर बैठं, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत चाक. चाकाशेजारी अप्पासाहेब बसलेले, बायाक्कांचे मालक. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी चाक आता कमी केलंय. बायाक्का दारातच उभ्या होत्या. अंगानं काटकुळ्या, बोटं मात्र लांब आणि टोकाला चपटी. चहाबिहा काही विचारलं नाही. “हुडका,” म्हणाल्या.

मी खरंच हुडकलं. आज सांगताना कानशिलं तापतात, पण मी फळीवरचे डबे उघडले, मातीच्या ढिगाला काठी लावली, कोनाड्यात हात घातला. “चुलीत बी बघा,” बायाक्का म्हणाल्या. रक्षा तोंडाला पदर लावून हसत होती. आणि कोनाड्यातच, जुन्या कात्रीखाली, मला पत्र्याचा एक तुकडा मिळाला. बोटभर लांब, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. कसलं तरी माप होतं हे नक्की. मी तो वर धरला.

बायाक्कांनी तो माझ्या हातातून घेतला आणि पदरानं पुसला. “ह्यो बिडीचं पान कापायचा पत्रा. ह्येज्यानं मणी हुतोय व्हय? करून दावा.”

पत्र्यानं मणी होत नव्हता. मी मुकाट्यानं खाली बसले. मग चहा आला.

बायाक्कांनी एकतीस वर्षं बिड्या वळल्या होत्या. लग्न होऊन आल्या ते कुंभाराच्या घरात, पण तिथे चाकाला बायकांनी हात लावायचा नाही असा रिवाज. बायकांनी माती चाळायची, तुडवायची, मडकी उन्हात मांडायची. उरलेल्या वेळात बिड्या. मांडीवर सूप, सुपात जर्दा, भिजवलेली पानं, दोरा. दिवसाला हजार. “बिडीत जर्दा किती घालायचा हे कसं कळायचं?” मी विचारलं. मला अशा वेळी राहवत नाही.

“चिमटीला कळतंय.”

“पण सुरुवातीला? मोजून घेत असाल ना?”

“कोन मोजणार, बाई? जास्ती घातला तर मोजून दिलेला जर्दा पुरत न्हाय, घरचा घालाय लागतोय. कमी घातला तर बिडी छाटात जाती. चार दिस रडलं की चिमटी शानी हुती.”

छाट म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी कारखान्यात बिड्या द्यायला गेलं की तपासणारा माणूस बसलेला असायचा. जुडीत हात घालायचा आणि ही वाकडी, ही ढिली, ही भरली नाही म्हणत बिड्या बाजूला काढायचा. ती छाट. जुडी पंचवीसची लागायची, म्हणून बायका पदरात जादा बिड्या नेत आणि तिथेच भर घालत.

खोकला वाढला तेव्हा डॉक्टरनं जर्दा बंद करायला सांगितलं. बिड्या सुटल्या, पण बोटं काही ऐकेनात. जेवताना, बोलताना, देवळात बसल्यावर चिमटी आपली चालूच. “लोकास्नी वाटायचं, म्हातारी जप करत्या,” बायाक्का म्हणाल्या. एकदा त्या मालकांच्या तुडवलेल्या मातीपाशी बोलत बसल्या होत्या. उठल्या तेव्हा पुढ्यात मातीच्या गोळ्यांची रास होती आणि कधी केली ते त्यांचं त्यांनाच आठवत नव्हतं. अप्पासाहेबांनी दोन गोळ्या दोन तळहातांवर घेऊन जोखल्या, आणखी दोन घेतल्या, आणि शेवटी खराट्याची काडी आणून दिली. “ह्यास्नी भोकं पाड,” म्हणाले, “मी आव्यात भाजून काढतो.”

“मग रिवाजाचं काय?” मी त्यांना विचारलं.

“रिवाज चाकाचा हाय,” ते म्हणाले. “चिमटीला कुठला रिवाज?”

काळा रंग कसा येतो, तेही मी विचारून घेतलं. मणी मडक्यात घालायचे, भोवती भाताचा कोंडा दाबायचा, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत धूर कोंडला की मणी काळे. मोकळ्या विस्तवात लाल. बोळकी त्या करंगळीच्या टोकावर चढवतात, टोपी घालावी तशी. मी करून बघितलं, बोळक्याचा पापड झाला. मणी वळून बघितला, तो एका अंगाला भज्यासारखा फुगला. बायाक्कांनी तो उचलून सुपात ठेवला.

त्यांचं काम मी तासभर बघितलं. नजर रस्त्यावर, तोंडानं रक्षाला सूचना, आणि बोटांतून एकामागून एक सारखा मणी. माझी खात्री पटली होती. पण तेजस्वीची पटायला हवी होती आणि समितीतल्या इतरांचीही. इथे मी दुसरी चूक केली. म्हणाले, “बायाक्का, एक सुचवू का? दहा-बारा मणी मुद्दाम थोडे वाकडे करा. मग कुणी काही बोलणार नाही. मी पास करून घेते.”

त्यांची बोटं थांबली. तासाभरात पहिल्यांदाच.

“एकतीस वरसं वाकडी हाय म्हणून छाट काढली,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “आता सरळ हाय म्हणून छाट. मग आमी करायचं तरी काय, ते एकदा सांगा की.”

पुस्तकं शिकवून केस पांढरे केले आणि पडवीत बसून मला एक वाक्य जुळेना. मला माझीच लाज वाटली. एवढंच म्हणाले, सोमवारी बेळगावला या, सगळ्यांसमोर बसा, शेरा मी तिथेच खोडते.

सोमवारी त्या रक्षाबरोबर आल्या. काखेत सूप, पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली माती, आणि रविवारी भाजलेल्या नव्या मण्यांचा डबा. समितीच्या खोलीत खुर्ची दिली तर नको म्हणाल्या, खाली फरशीवर बसल्या. तेजस्वीनं डबा उघडला. मणी खालीवर करताना तिला त्यात एक वेगळा मणी मिळाला आणि तिचा चेहरा उजळला. “हा बघा, हा खरा हाताचा वाटतो. सगळे मणी असे का नाही करत तुम्ही?”

मी बघितलं. एका अंगाला फुगलेला.

“तेजस्वी,” मी म्हणाले, “तो मी केलाय.”

खोलीत हशा पिकला. बायाक्का हसल्या नाहीत. “पावण्यांचा हाय म्हणून भाजला,” एवढंच म्हणाल्या, आणि सूप मांडीवर घेतलं.

मग त्या वळायला लागल्या. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. सिटी बसमागे रिक्षा अडकल्या होत्या. त्या तिकडेच बघत होत्या. सुपात मणी पडत गेले. तेजस्वी आधी उभी होती, मग वाकली, मग सरळ फरशीवर मांडी घालून बसली. तिनं फोन काढला होता, पण फोटो घ्यायचं तिला सुचलं नाही. कुणी मोजत नव्हतं. एका क्षणी बायाक्कांचा हात आपोआप थांबला.

“पंचवीस,” त्या म्हणाल्या.

मी अर्ज पुढे ओढला, शेरा खोडला आणि वर लिहिलं, ‘हातानं केलेले. माझी चूक.’ खाली सही केली, या वेळी हळू. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, पण लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या सुपात बघत होत्या. एकेका मण्यावरून बोट फिरलं आणि त्यांनी दोन मणी उचलून बाजूला काढले.

तेजस्वीनं ते निरखून बघितले. मीही बघितले. आम्हाला दोघींना काही म्हणजे काही फरक दिसला नाही.

“काय झालं यांना?”

“भरलं न्हाईत.”

“मग मला द्या ना, आक्का,” तेजस्वी म्हणाली. “आठवण म्हणून ठेवते.”

“न्हाय.” बायाक्कांनी ते दोन्ही चिमटीत धरून चिरडले आणि माती गोळ्यात मिसळून टाकली. “आमच्या छाटातल्या बिड्या परत मिळत न्हवत्या, बाळ. आन् कारखान्यावाले त्या मोडत बी न्हवते. मागल्या दारानं त्याच इकायचे. आमाला बी म्हाईत हुतं, त्येंला बी म्हाईत हुतं.” त्यांनी बोटं फडक्याला पुसली. “आता छाट मी काढतो. आन् माझी छाट मी मोडतो.”

बायाक्कांनी आणखी दोन चिमट्या माती घेतली, दोन मणी वळले, सुपात टाकले आणि सूप माझ्याकडे सरकवलं.

“मोजा,” म्हणाल्या.

मी मोजले. पंचवीस होते.