दहाव्याच्या घाटावर थैलीतली बाटली

आज भाऊजींच्या दहाव्याला माझ्या थैलीत बियरची बाटली होती.

ती मी काढली नाही.

सुधाकर भाऊजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे मिस्टर. अकोल्यात मोटार वाइंडिंगचं दुकान. दुकानात बसल्या बसल्याच अटॅक आला आणि गेले.

त्यांना घरी बियर करायचा नाद होता. पिण्याचा नाही, करण्याचा. स्वतः एक ग्लास घ्यायचे आणि त्यावर अर्धा तास बोलायचे.

बियरला कडूपणा आणि वास येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या सुक्या फुलांमुळे. भाऊजी ती ऑनलाइन मागवायचे, फ्रीजमध्ये ठेवायचे आणि डब्यावर 'कसुरी मेथी' लिहायचे.

ताईने एकदा ती खरंच पनीरच्या भाजीत टाकली. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. भाऊजी घास चावत म्हणाले, "माल ताजा आहे बरं."

त्यांची पहिली बियर मला अजून आठवते. मी म्हटलं, "भाऊजी, हा तर कडुनिंबाचा काढा झाला."

चहापत्तीसारखी सगळी फुलं सुरुवातीलाच टाकून तासभर उकळली होती त्यांनी.

"जेवढं उकळलं तेवढा वास सुटंल, असं वाटलं न मले!"

वास उडून गेला होता. कडू तेवढं उरलं होतं.

मग ते शिकले. चिमूटभर फुलं आधी, कडूपणापुरती. बाकीची गॅस बंद करताना, वासासाठी. वरणावर शेवटी कोथिंबीर टाकतो तसं.

तरी कडूच!

कारण अकोल्याचा मे महिना. गॅस बंद केला तरी पातेलं थंडच होत नाही, आणि शेवटी टाकलेली फुलंही आत शिजत राहतात. हे लक्षात यायला त्यांचे दोन उन्हाळे गेले. मग त्यांनी पातेलं सरळ कूलरच्या टाकीत ठेवायला सुरुवात केली, बाजूने बर्फ टाकून.

ताई चिडायची. "लोकाइचा कूलर माणसाइले थंड करते. आमचा काढ्याले!"

भाऊजींना काय हवं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "साळेबुवा, संत्रं सोलताना हाताले जो वास येते न, तो पाह्यजे मले. कडू मंग आलं पाह्यजे. हळूच."

मागच्या महिन्यात त्यांनी ही बाटली माझ्या हातात दिली.

"या टायमाले जमलं वाटते. पन मले माह्या नाकाचा भरोसा नाही. थोडे दिवस ठेवजो, मंग पिऊन खरं सांगजो. तोंडदेखलं नको."

मी हो म्हटलं आणि अमरावतीला आलो. बाटली फ्रीजमध्ये राहिली. पुढच्या चकरेला सांगू, म्हणत राहिलो.

आज ती सोबत घेऊन गेलो. पिंडाजवळ ठेवायची, एवढंच डोक्यात होतं.

घाटावर कावळा शिवेना.

त्यांचा मुलगा अमोल हात जोडून म्हणाला, "बाबा, आईले मी सांभाळीन." कावळा येईना. वांग्याची भाजी ठेवली, पुरणपोळी ठेवली. एकाने खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी काढून ठेवली. भाऊजींनी खर्रा केव्हाच सोडला होता, पण ती पुडी ठेवताना कोणालाच लाज वाटली नाही.

मागून कोणीतरी बोललं, "घरीच काढत होते म्हनते. त्यानंच गेले."

माझी कानशिलं तापली. वळून बोलायला हवं होतं, की या माणसाने कधी दुसरा ग्लास घेतला नाही. पण मी शाळामास्तर. शेजारी आमचे हेडमास्तर उभे होते, माझ्याच गाडीत आलेले.

मी थैलीचं तोंड मुठीत घट्ट धरलं.

तेवढ्यात ताई बायकांमधून उठून माझ्याजवळ आली. हळूच विचारलं, "तू काही आनलं काय रे त्याइच्यासाठी?"

मी म्हटलं, "नाही ताई. काय आणू?"

आणि थैली पायामागे सरकवली.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि परत जाऊन बसली. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला. मंडळी उठली.

संध्याकाळी घरी आल्यावर मी बाटली उघडली. ग्लासात ओतायच्या आधीच संत्र्याच्या सालीचा वास आला. कडूपणा मागून आला, हळूच. घसा धरला नाही.

भाऊजींना जमलं होतं. आणि सांगायला भाऊजी नव्हते.

मी ताईला फोन केला. आधी बियर कशी झाली ते सांगितलं, मग बाकीचं. "बाटली थैलीतच होती ताई. तू विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. मला लाज वाटली."

मला वाटलं फोन ठेवते आता.

मग म्हणाली, "माह्या बी पिशवीत होती."

मी हातातला ग्लास खाली ठेवला.

"तू काढली असती तं मी बी काढनार होती. म्हनून तं तुले इचारलं. तू नाही म्हटलं आन्‌ मले हायसं वाटलं रे. एवढी वर्सं त्याइच्यासंग संसार केला, अन्‌ मले हायसं वाटलं."

ती रडायला लागली. मीही.

ही पोस्ट तिला विचारून टाकतो आहे. ती म्हणाली, "टाक. माह्यं बी लिही." शाळेतले पालक वाचतील, हेडमास्तरही वाचतील. वाचू द्या.

भाऊजी, तुमच्या दोन बाटल्या घाटावर होत्या, आणि आम्ही तुमची बोळवण गवताच्या कावळ्यावर केली.

माफ करा. शेवटचा नमस्कार.