काटेरी कुंपणाचा अर्ज

आता माझ्या अकलेचे किती दिवे दाखवू तुम्हाला! हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण या गोष्टीत गाढव मीच आहे.

जळगावच्या नव्या प्लॉट एरियात आम्ही नुकतं घर बांधलेलं, आणि माझी बदली निघाली साक्रीला! ती रद्द करणं साहेबांच्या हातात. साहेबांचा जीव भरितात. म्हणून येत्या शनिवारी, हाफ डे नंतर, भरिताला या, असं त्यांना आमंत्रण देऊन टाकलं. वांगी घरचीच. बायकोनं घराच्या कडेला लावलेली, हिरवीगार, एकेक हे एवढं!

त्या वांग्यांना लागून शेजारच्या नानांनी रचलेलं बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. त्यात माझी नवी टेरिकॉटची पँट अडकली आणि टर्रकन फाटली. डोकंच फिरलं! मला नियम पाठ. कुंपण करायचं तर विटांची भिंत, तारेची जाळी नाहीतर मेंदी. काट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या बंद! नानांना तोंडावर सांगायची हिंमत? छे! सरळ नगरपालिकेत सहीनिशी अर्ज ठोकला.

गुरुवारी घरी आलो, तर बायको नोटीस घेऊन दारात.

"अहो, कुणीतरी अर्ज केलाय. चोवीस तासांत काट्या काढा म्हणतात."

"मग नानांना दे की!"

"नाव तुमचं आहे. टेप लावून मोजलं त्यांनी. कुंपण आपल्या हद्दीत येतं."

"आपल्या? रचलं तर नानांनी!"

"मीच सांगितलं होतं त्यांना, वांग्यांसाठी. तुम्हाला कुठे वेळ होता?"

आता बोला! शुक्रवारी रजा टाकून काट्या उपसत बसलो. हातांची चाळण झाली. नाना बिचारे मदतीला आले, पण नुसते पेटलेले.

"कोन नालायकनी अर्ज कया व्हई भाऊ?"

"हो ना नाना! लोकांना दुसऱ्याचं बरं बघवतच नाही."

असं मी म्हणालो. मी!

शनिवारी उजाडत नाही तोच गल्लीतल्या बकऱ्यांनी मोकळ्या वाफ्यात पंगत मांडली. आम्ही बाहेर येईस्तोवर बठ्ठी, पार सगळी वांगी फस्त, नुसती देठं शिल्लक. बायको रडकुंडीला आली. "ज्यानं अर्ज केला ना, त्याच्या तोंडात किडे पडोत!"

"पडोत!" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दुपारी साहेब आले. भरिताच्या जागी शेवभाजी. नानाही पंगतीला होते, त्यांनी साहेबांना सगळी हकिकत रंगवून सांगितली. साहेब हळहळले. "कोण हो हा माणूस?"

तेवढ्यात नगरपालिकेचा शिपाई पत्र घेऊन दारात हजर! आमचे हात रश्शात, म्हणून बायकोनंच फोडलं आणि मोठ्यानं वाचलं, "आपल्या तक्रार अर्जानुसार सदर काटेरी कुंपण हटविण्यात आले आहे. जागरूक नागरिक म्हणून आपले आभार."

नानांचा घास हातातच राहिला. बायकोनं माझ्यासमोरचं शेवभाजीचं पातेलं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

साहेबांनी मात्र माझ्या पाठीवर थाप मारली. "वा! नियमासाठी स्वतःच्या घरालाही सोडलं नाहीत! असाच माणूस साक्रीला पाहिजे. सोमवारीच रुजू व्हा."