आत्यांनी पुन्हा लिहिलेला सीन

माझ्या नवऱ्याच्या थोरल्या आत्या लातूरला एकट्या राहत. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना पंचवीसेक वर्षं झाली होती. तरुणपणी त्या कोल्हापूरच्या एका स्टुडिओत सिनेमे लिहीत, हे मला लग्नानंतर पुष्कळ उशिरा कळलं. घरात त्यावर कुणी बोलत नसे. मी नांदेडच्या कॉलेजात मराठी शिकवायचे, मला राहवेना. एका रविवारी बसनं लातूर गाठलं आणि त्यांना सरळ विचारलं.

आत्यांनी काही लपवलं नाही. भाऊ स्टुडिओत फिल्म धुण्याच्या खात्यात होता, त्याला करून घालायला त्या गेल्या होत्या. तिथे मराठी सिनेमा झाला की त्याच सेटवर हिंदीही काढत. हिंदी संवाद लिहिणारे मुंशी एकदा आजारी पडले.

"निजामाच्या राज्यातली शाळा माझी, उर्दू येत होती. भाऊ म्हणला, बघ जमतं का."

जमलं. पुढे मराठीही त्याच लिहू लागल्या. तीन वर्षांत पाच सिनेमे. सकाळी सेटच्या कडेला बसून लिहायचं आणि दुपारी नटांनी ते बोलायचं. नाव मात्र मुंशींचं लागायचं, नाहीतर दिग्दर्शकाचं.

"वाईट नाही वाटलं तुम्हाला?"

"नावाचं न्हाई. काम सुटलं त्याचं लई वाटलं."

भाऊ विषमज्वरानं गेला आणि वडील येऊन त्यांना घेऊन गेले. पाचवा सिनेमा लिहून झाला होता, शूटिंग अर्ध्यावर होतं. तो पुढे लातूरला आलाच नाही. त्यांनी तो कधी पाहिला नव्हता.

जुने सिनेमे जमवणाऱ्या एका गृहस्थांकडून त्याची सीडी मी मिळवली. आत्या खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसल्या. पडद्यावरचं माणूस बोलायच्या आत त्यांचे ओठ हलत होते. गोष्ट एका शिक्षिकेची होती, सासरचे तिला नोकरी सोडायला लावतात. शेवटच्या प्रसंगात ती सासऱ्याच्या पायांवर डोकं ठेवून माफी मागते. तिथे आत्यांचे ओठ थांबले.

"हे मी न्हाई लिहिलं," त्या म्हणाल्या. "माफी कशाला मागंल ती? सासऱ्याला दिसत न्हाई नीट. ती घर सोडताना विचारते, मी गेल्यावर तुमची पत्रं कोण वाचून दाखवील?"

त्या दिवसापासून त्यांना चैन पडेना. तो सीन त्यांनी पुन्हा लिहायला घेतला. मी नांदेडला परतले तरी फोन सुरूच. मी रिक्षात असायचे, स्टाफरूममध्ये असायचे. "सासरा बसलेला असावा का उभा?" "तिच्या हातात पिशवी नको." चार दिवसांपूर्वी खोडलेलं वाक्य पुन्हा आत यायचं. मलाही दुसरं काही सुचेनासं झालं. तासाला उभी राहिले तरी डोक्यात तो सासरा असायचा.

एकदा मी चिडले. "आत्या, साठ वर्षं झाली. आता कोण बघणार आहे?"

"मी बघायले की," त्या म्हणाल्या.

मला माझीच लाज वाटली. मग मी तो प्रसंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बसवला. उमरीची एक मुलगी शिक्षिका झाली, बिलोलीची धोतर नेसून सासरा. आत्यांना गाडीनं नांदेडला आणलं. पहिल्या रांगेत त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. मुलीनं तो प्रश्न विचारला आणि सासरा नुसता चाचपडत उभा राहिला. टाळ्या झाल्या. मुली पाया पडायला आल्या. आत्यांनी शिक्षिका झालेल्या पोरीचा हात धरला.

"छान केलंस. पण प्रश्नाच्या आधी थोडं थांबायचं होतंस. तिला जायचं न्हाई गं, म्हणून थांबायचं."

मला वाटलं, आता निवांत होतील. दुसऱ्या दिवशी त्या लातूरला पोचल्या आणि तासाभरात फोन आला. "सासऱ्याला एक वाक्य द्यावं म्हणते."

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. त्या सीनचे अकरा खर्डे माझ्याकडे आहेत, एकावरही तारीख नाही. सहांमध्ये सासरा बोलतो, पाचांत बोलत नाही. कुणाला वाचायला द्यायचं म्हटलं की मी एक निवडते, आणि देताना वाटतं, दुसरा द्यायला हवा होता.